१९११ची रिकॉइल स्प्रिंग : १४, १६ की १८.५ पाउंड?

गेल्या महिन्यात आमच्या इथल्या मराठी मंडळींपैकी एकानं पहिलं १९११ पिस्तूल घेतलं. .४५ एसीपी काडतुसाचं, पाच इंची नळी, पोलादी फ्रेम, अगदी मूळ घाटणीचं. आठवड्याच्या आत त्याचा फोन आला. "दादा, धक्का जरा जास्तच लागतोय. आतली सोळाची स्प्रिंग काढून वीसची टाकू का? दुकानात म्हणाले, फरक पडेल."

रिकॉइल स्प्रिंग म्हणजे गोळी सुटल्यावर मागं गेलेली स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, परत पुढं आणणारी स्प्रिंग. ती बदलल्यानं फरक पडतो, यात शंका नाही. पण तो कुठं पडतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मलाही माझ्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं. मी वीसची टाकली आणि पुढचे चार महिने मॅगझिनांना दोष देत राहिलो. तो किस्सा पुढं येईल. इथं टेक्ससमध्ये आपली बरीच माणसं आता रेंजवर जाऊ लागली आहेत आणि हा प्रश्न दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतो आहे. मुख्य तुलना पाच इंची .४५ मधल्या १४, १६ आणि १८.५ पाउंडांची आहे. बाकीचं ओघात येईल.

पाकिटावरचा आकडा

पाकिटावर १६ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ असा की स्लाइड पूर्ण मागं गेलेली असताना दबलेल्या स्प्रिंगचा जोर १६ पाउंड भरतो, म्हणजे सव्वासात किलोच्या जवळपास. स्लाइड पुढं, बंद असताना तीच स्प्रिंग त्याच्या साधारण निम्म्यानं दाब देत असते. १४ म्हणजे साडेसहा किलोला थोडं कमी आणि १८.५ म्हणजे आठ किलो चारशे ग्रॅमच्या आसपास. पाच इंची .४५ साठी १६ हा आकडा प्रमाण मानला जातो. अमेरिकन सैन्यानं मार्च १९११ मध्ये हे पिस्तूल स्वीकारलं, ते २३० ग्रेन वजनाची गोळी सेकंदाला ८३० फुटांच्या आसपास फेकणाऱ्या काडतुसासाठी. आज दुकानात मिळणारं साधं २३० ग्रेनचं काडतूसही त्याच घरातलं आहे. १६चा मेळ या काडतुसाशी आहे, हे डोक्यात ठेवलं की पुढचं बरंच सोपं होतं.

दोन वेगळ्या कारखान्यांच्या १६ मध्ये थोडा फरक असू शकतो. म्हणून तुलना करायची असेल तर सगळ्या स्प्रिंगा एकाच कारखान्याच्या घ्याव्यात. एक नग दहा डॉलरच्या आसपास मिळतो. वुल्फ या अमेरिकन कंपनीच्या स्प्रिंगा बहुतेक जण वापरतात, मीही तेच वापरतो.

धक्का कोण ठरवतं

आता थोडा हिशेब. ढोबळ आहे, पण निर्णयाला पुरेसा आहे.

२३० ग्रेनची गोळी म्हणजे १५ ग्रॅम. तिचा वेग सेकंदाला अडीचशे मीटर. स्लाइड आणि नळी मिळून अर्धा किलो धरा. गोळी पुढं जाते तेव्हा जळालेल्या दारूच्या वायूचा हातभार धरून स्लाइड आणि नळी सेकंदाला आठ मीटरच्या आसपास वेगानं मागं निघतात. त्यांच्यातली ऊर्जा झाली १६ ज्यूलच्या घरात. आणि १६ पाउंडांची स्प्रिंग दोन इंचांच्या प्रवासात किती ऊर्जा शोषते? जेमतेम तीन ज्यूल. १८.५ ची स्प्रिंग त्यात अर्ध्या ज्यूलची भर घालते. १४ची तेवढीच कमी घेते.

म्हणजे मागं जाणाऱ्या स्लाइडच्या सोळा ज्यूलांमध्ये स्प्रिंग बदलून आपण अर्ध्या ज्यूलची उलाढाल करतो. बाकीची ऊर्जा नळी खाली उतरून थांबण्यात, घोडा चढवण्यात आणि शेवटी फ्रेमवर आदळण्यात जाते. हाताला एकूण जे सोसायचं असतं ते गोळीचं वजन, गोळीचा वेग आणि पिस्तुलाचं वजन या तिघांनी आधीच ठरवून टाकलेलं असतं. स्प्रिंग त्यात काही कमी करत नाही, फक्त ते वेळेत थोडं वेगळं वाटून देते. गोळी नळीबाहेर पडते तेव्हा स्लाइड फार तर दशांश इंच सरकलेली असते, त्यामुळे पहिल्या गोळीच्या नेमावरही स्प्रिंगचा हात नसतो.

आता उलट दिशा बघा. मागं जाणाऱ्या स्लाइडला दारूचं बळ असतं, पुढं येणाऱ्या स्लाइडला मात्र फक्त स्प्रिंगचं. मॅगझिनच्या तोंडातून काडतूस सोडवणं, ते उतारावरून चढवून नळीत घालणं, नळी वर उचलून कुलूपबंद करणं, ही सगळी कामं त्या तीन ज्यूलांत व्हायची असतात. इथं अर्धा ज्यूल म्हणजे सहाव्या हिश्श्याचा फरक. आणि स्लाइड पुढं येऊन थांबते तेव्हा पिस्तुलाचं तोंड खाली झुकतं, नेम धरायची पुढची माशी खाली जाऊन परत वर येते, ते झुकणं किती असेल हेही स्प्रिंगच ठरवते. म्हणून माझं ठाम मत आहे की स्प्रिंग निवडायची ती स्लाइडच्या परतीच्या प्रवासाकडे बघून. लोक मागं जातानाचा धक्का मोजत बसतात आणि चुकीची स्प्रिंग घेऊन येतात.

१६ : इथूनच सुरुवात करा

कारखान्यात भरलेली २३० ग्रेनची काडतुसं वापरत असाल तर १६ सोडून दुसरीकडे जायला सबळ कारण हवं. रिकाम्या पुंगळ्या उजवीकडे, जरा मागं, चार-सहा फुटांवर पडतात. शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागं अडकून राहते. हात थोडा सैल पडला तरी चक्र पूर्ण होतं. माशी उठते आणि तुम्ही काहीही न करता जवळपास त्याच जागी परत येते. यूएसपीएसए या अमेरिकन नेमबाजी संघटनेच्या सिंगल स्टॅक विभागात मेजरसाठी, म्हणजे जोरदार काडतुसांच्या गटासाठी, पॉवर फॅक्टर १६५ लागतो, म्हणजे गोळीचे ग्रेन गुणिले फूट-सेकंदातला वेग भागिले हजार. २३० ग्रेन आणि ८३० फूट यांचा पॉवर फॅक्टर १९०च्या वर जातो. त्यामुळे स्पर्धेसाठी काडतूस थोडं सौम्य केलं, ७४० फुटांच्या आसपास आणलं, तरी १७० मिळतो आणि १६ची स्प्रिंग तेवढंही निभावून नेते. दोन्हींत चालणारी ही एकच स्प्रिंग आहे, आणि एकच पिस्तूल घरी आणि स्पर्धेत वापरणाऱ्याला तेच हवं असतं.

नवी स्प्रिंग पहिल्या शंभर-दोनशे गोळ्यांत थोडी बसते, लांबीनं कमी होते. त्यानंतर ती बराच काळ स्थिर राहते. नवी बसवताना तिची लांबी वहीत लिहून ठेवा. अडीच-तीन हजार गोळ्यांनंतर मी न मोजताच बदलतो. दहा डॉलरसाठी फ्रेमचं नुकसान करून घेण्यात अर्थ नाही.

१८.५ : कुणाला खरंच लागते

दुकानात सर्वांत जास्त खपणारी ही जड स्प्रिंग. तिच्या बाजूनं दोन खरी कारणं आहेत. एक, तुम्ही नेहमी अधिक दाबाची, म्हणजे प्लस पी काडतुसं वापरत असाल तर स्लाइडचा मागचा वेग वाढतो आणि पुंगळ्या दहा-बारा फूट उडू लागतात. तिथं १८.५ शोभते. दुसरं, पिस्तूल धुळीत, मातीत किंवा थंडीत वापरायचं असेल, तर काडतूस नळीत ढकलायला जास्तीचा जोर उपयोगी पडतो. इथं टेक्ससच्या उत्तर टोकाला, पॅनहँडलच्या बाजूला जानेवारीत तेल घट्ट होतं आणि हलकी स्प्रिंग पार शेवटच्या पाव इंचात रेंगाळते, हे मी पाहिलं आहे.

साध्या काडतुसांबरोबर मात्र १८.५ चा तोटा माशीत दिसतो. स्लाइड पुढं आपटते, पिस्तुलाचं तोंड खाली जातं आणि घाईत मारलेली दुसरी गोळी खाली लागते. शिकाऊ माणूस समजतो की आपण चाप झटक्यानं ओढला. तो महिनोन्‌महिने चापावर काम करत राहतो, आणि दोष असतो स्प्रिंगेत. दोन गोळ्यांची जोडी सावकाश मारली तर एकत्र लागते आणि जलद मारली तर दुसरी सतत खाली, असं होत असेल तर एकदा १६ टाकून बघावं.

"जड स्प्रिंग फ्रेम वाचवते" हे वाक्य अर्धच खरं आहे. मागच्या आपटण्यातून ती थोडं वाचवते, पण तेवढाच मार पुढं येताना स्लाइड स्टॉपच्या (स्लाइड मागं अडकवून ठेवणाऱ्या कळीच्या) पिनेला आणि नळीच्या पायाला देते.

२० आणि २२ : माझे चार महिने

आता तो किस्सा. मी त्या काळी २०० ग्रेनची टार्गेट काडतुसं वापरायचो, साडेसातशे फुटांच्या आसपासची, म्हणजे पॉवर फॅक्टर दीडशे. मनगट दुखायचं म्हणून कुणीतरी सुचवल्यावर वीसची स्प्रिंग टाकली. पहिल्या दिवशी खरोखर बरं वाटलं. स्लाइड मागं आदळल्याचा खणका कमी झाला, पिस्तूल मऊ वाटलं. मी खूश.

मग एकेक सुरू झालं. पुंगळ्या फूट-दीड फुटावर, कधी मनगटावरच पडायच्या. शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागं अडकायची नाही. मी चाप ओढायचो आणि रिकाम्या नळीवर घोडा टक्क करून पडायचा. स्पर्धेत ती टक्क फार महागात पडते. मॅगझिनच्या स्प्रिंगा सैल झाल्या असाव्यात म्हणून नव्या घातल्या. तीन मॅगझिनं नवी घेतली. एक्स्ट्रॅक्टरचा, म्हणजे पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याचा, ताण तपासून घेतला. क्लबातल्या एका ज्येष्ठ नेमबाजानं शेवटी जमिनीकडे बोट दाखवलं. "पुंगळ्या कुठं पडतायत ते बघ," एवढंच म्हणाले.

सौम्य काडतुसात स्लाइडला जेवढा जोर मिळतो, तेवढ्यात वीसची स्प्रिंग पूर्ण दबतच नव्हती. स्लाइड अर्धवट मागं जाऊन परत यायची. ज्या फेऱ्यांत ती पूर्ण मागं जायची, त्यांत इतक्या जोरात परत यायची की मॅगझिनमधलं पुढचं काडतूस वर येण्याआधीच ती त्याच्यावरून निघून जायची. घरी येऊन १४ टाकली, जुन्याच मॅगझिनांतून दोनशे गोळ्या मारल्या. एकही अडली नाही.

२० आणि २२ ही वजनं खऱ्या अर्थानं १० मिमीच्या १९११ साठी आहेत, तिथं स्लाइडला मिळणारा जोरच वेगळा असतो. .४५ मध्ये ती घालायची तर मॅगझिनच्या स्प्रिंगाही जड घालाव्या लागतात आणि काडतूसही नेहमी जोरदारच लागतं. एवढा खटाटोप करून हाती काय लागतं, तर नेमाला बाधणारी परत. मी कुणालाही सुचवत नाही.

१४ आणि १२ : सौम्य काडतुसांचं घर

इथं मला सर्वांत जास्त आनंद मिळाला आहे, म्हणून थोडं रेंगाळतो.

अमेरिकेतल्या प्रिसिजन पिस्तूल स्पर्धेत माणूस एका हातानं, उभा राहून, ५० आणि २५ यार्डांवर नेम धरतो. तिथले लोक १८५ किंवा २०० ग्रेनच्या शिशाच्या गोळ्या सौम्य दारूवर मारतात, कारण त्यांना जोर नको असतो, एकसारखेपणा हवा असतो. त्यांच्या पिस्तुलांत १४, १२, कधी त्याहून हलक्या स्प्रिंगा असतात. त्या पिस्तुलांची स्लाइड परत येते तेव्हा माशी नुसती खाली बसते, उसळी मारत नाही. हा अनुभव शब्दांत सांगणं कठीण आहे. ज्यानं १८.५ वर दोन वर्षं काढली, त्यानं एकदा १४ वर २०० ग्रेनची सौम्य काडतुसं मारून बघावीत.

पण हलक्या स्प्रिंगेला जोरदार काडतूस सोसत नाही. १४ वर २३० ग्रेनचं पूर्ण जोराचं काडतूस अधूनमधून मारलं तर काही होत नाही, पण रोज मारलं तर फ्रेमवरचा मार वाढतो. आणि १२ वर आलात की स्वच्छतेकडे दुर्लक्ष चालत नाही. शिशाच्या गोळ्यांचं वंगण आणि काजळी नळीच्या घरात साठते, शंभर-सव्वाशे गोळ्यांनंतर स्लाइड शेवटचा बारीक टप्पा पूर्ण करत नाही. कागदावर नेम मारताना तो गैरसोयीचा प्रकार आहे. घराच्या रक्षणासाठी ठेवलेल्या पिस्तुलात तो चालणारच नाही. तिथं १६ च्या खाली मी जात नाही, आणि इतरांनीही जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

हलक्या स्प्रिंगेचा एक फायदा क्वचित बोलला जातो. माझ्या बायकोला १६ ची स्लाइड ओढताना त्रास व्हायचा. १४ घातल्यावर ती आरामात ओढू लागली. त्याहून सोपी युक्ती तिनंच शोधली. नळी रिकामी आहे याची खात्री करून घोडा आधी अंगठ्यानं चढवायचा आणि मग स्लाइड ओढायची. १९११ मध्ये स्लाइड ओढतानाचा सुरुवातीचा बराचसा जोर घोडा चढवण्यात जातो, रिकॉइल स्प्रिंगेला फुकटचा दोष मिळतो.

९ मिमीचं १९११

तीच स्लाइड, तेवढंच वजन, पण काडतूस हलकं. आयडीपीए या दुसऱ्या नेमबाजी संघटनेच्या स्पर्धांत या पिस्तुलाला १२५ चा पॉवर फॅक्टर पुरतो. १२४ ग्रेन आणि १,०५० फूट धरले तर १३० मिळतो. एवढ्या जोरात १६ ची स्प्रिंग दाबायची म्हणजे माझ्याच चार महिन्यांची पुनरावृत्ती. इथं बहुतेक अनुभवी लोक १० ते १४ च्या मध्ये कुठंतरी स्थिरावतात. मी सौम्य स्पर्धेच्या काडतुसांसाठी ११ वापरतो आणि दुकानातल्या ११५ ग्रेनच्या काडतुसांसाठी १३. ज्यांना काडतूस बदलत राहावं लागतं, त्यांनी १३ किंवा १४ घेऊन विषय संपवावा.

आखूड नळी आणि ग्लॉक, थोडक्यात

कमांडर या सव्वाचार इंची १९११ ला १८ प्रमाण आहे. साडेतीन इंचीला वीसच्या वर जावं लागतं, कारण स्लाइड हलकी आणि प्रवास कमी. या आखूड पिस्तुलांत प्रयोगाला जागा फार नाही. कारखान्यानं दिलेलं वजन ठेवा आणि स्प्रिंग लवकर बदला, हजार गोळ्यांच्या आत. छोट्या जागेत दाबली जाणारी स्प्रिंग लवकर थकते.

ग्लॉक पिस्तूल वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट मात्र गंभीर आहे. ग्लॉक १७ च्या तिसऱ्या पिढीपर्यंत १७ पाउंडांची स्प्रिंग येते. स्पर्धेतले लोक १५ किंवा १३ घालतात. पण ग्लॉकमध्ये चाप ओढताना स्ट्रायकरची (घोड्याऐवजी काडतुसावर आदळणाऱ्या पिनेची) स्प्रिंग ताणली जाते आणि ती स्लाइडला मागं खेचत असते. रिकॉइल स्प्रिंग फार हलकी असेल तर चाप ओढतानाच स्लाइड किंचित मागं सरकू शकते. हे तपासायचं ते असं : पिस्तूल पूर्ण रिकामं करायचं, मॅगझिन बाहेर, नळी डोळ्यानं आणि बोटानं तपासलेली. मग तोंड वर, सुरक्षित दिशेला धरून चाप अगदी सावकाश ओढायचा. स्लाइड जराही हलली तर ती स्प्रिंग त्या पिस्तुलाला चालणार नाही. घोड्याच्या १९११ मध्ये ही अडचण नाही, म्हणून १९११ चे आकडे उचलून ग्लॉकला लावू नयेत. चौथ्या आणि पाचव्या पिढीच्या ग्लॉक १७ मध्ये दुहेरी स्प्रिंगेचा जोड येतो, तिथं नुसती स्प्रिंग बदलण्याचा प्रश्नच वेगळा आहे.

भारतातले नातेवाईक हे वाचून विचारतात म्हणून सांगतो. तिकडे ९ मिमी आणि .४५ ही सामान्य परवानाधारकाला न मिळणारी बोअर (नळीच्या व्यासाची मापं) आहेत, त्यामुळे हा सगळा खटाटोप तिथल्या बहुतेकांच्या वाट्याला येत नाही. पण आपल्याकडचे २५ मीटरचे नेमबाज .२२ चं स्पोर्ट पिस्तूल वापरतात आणि स्प्रिंग आणि काडतूस यांचं नातं तिथंही तेच आहे, अधिक नाजूक. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्णपदक जिंकलं. .२२ मध्ये ४० ग्रेनची गोळी असते, स्लाइडला मिळणारा जोर अगदी थोडा. काडतुसाचा छाप बदलला की पुंगळ्या पडण्याची जागा बदलते. त्या स्तरावरचा नेमबाज आधी काडतूस ठरवतो, मग पिस्तूल त्याला साजेसं करतो. आपणही .४५ मध्ये हाच क्रम ठेवावा.

स्प्रिंगेच्या शेजारची मंडळी

स्लाइड मागं जाताना तिला अडवणारी दुसरी स्प्रिंग घोड्याची. १९११ मध्ये ती २३ पाउंडांची असते. चाप हलका व्हावा म्हणून पुष्कळ जण ती १९ ची करतात. मग स्लाइड आधीपेक्षा सहज मागं जाते आणि रिकॉइल स्प्रिंग हलकी असल्यासारखी वागते. दोन्ही एकदम बदलू नका, कशाचा परिणाम कुठला ते कळत नाही.

फायरिंग पिन स्टॉपचा, म्हणजे ती पिन जागेवर धरणाऱ्या छोट्या पट्टीचा, खालचा कोपरा मूळ १९११ मध्ये जवळपास चौकोनी होता, नंतर तो गोल झाला. चौकोनी कोपरा घोडा चढवताना स्लाइडला जास्त अडवतो, आणि ते अडवणं फक्त मागं जाताना असतं, पुढं येताना नसतं. ज्यांना २३० ग्रेनबरोबर स्लाइडचा मागचा वेग कमी करायचा आहे पण माशी झुकवायची नाही, त्यांनी १८.५ घेण्याआधी हा पर्याय बघावा. बसवणं मात्र जाणकाराकडून करून घ्यावं, तिथं कानस लागते.

स्प्रिंगेच्या दांड्यावर बसवायच्या प्लास्टिकच्या चकत्या मी काढून टाकल्या. त्या स्लाइडचा प्रवास थोडा कमी करतात आणि झिजल्या की त्यांचे तुकडे आत फिरतात.

घरी आणि रेंजवर कसं ठरवायचं

१४, १६ आणि १८.५ अशा तीन स्प्रिंगा घ्या. स्प्रिंग बदलताना चष्मा घाला, स्प्रिंग आत दाबून धरणारा छोटा प्लग निसटला तर छताला लागतो. नवी बसवल्यावर रिकाम्या पिस्तुलाची स्लाइड पूर्ण मागं ओढा आणि स्प्रिंग नसताना ती जिथंवर जात होती तिथंवरच जाते का ते बघा. आधीच अडत असेल तर वेटोळी एकमेकांना टेकत आहेत, ती स्प्रिंग वापरू नका. मग स्लाइड हातानं धरून सावकाश पुढं सोडा. ती स्वतःहून शेवटपर्यंत गेली पाहिजे.

रेंजवर तुमचं रोजचं काडतूस घ्या. मॅगझिनमध्ये एकच गोळी भरून मारा, स्लाइड मागं अडकते का बघा. हे प्रत्येक मॅगझिननं करा. मग हेच डाव्या हातानं, पकड मुद्दाम थोडी सैल ठेवून. इथं जी स्प्रिंग नापास होते ती यादीतून गेली, मग ती कितीही मऊ वाटो. उरलेल्यांमध्ये सात यार्डांवर पाच-पाच वेळा दोन गोळ्यांची जलद जोडी मारा आणि दुसऱ्या गोळीची भोकं कुठं आहेत ते पेन्सिलीनं वेगळी करा. दुसरी खाली जात असेल तर स्प्रिंग जड. वर आणि विखुरलेली असेल, माशी रेंगाळते आहे असं वाटत असेल, तर हलकी. पुंगळ्या कुठं पडल्या तेही लिहून ठेवा.

माझ्या मित्रानं मागच्या शनिवारी हे सगळं केलं. १८.५ त्याच्या हातात डाव्या हाताच्या चाचणीत दोनदा अडली. १६ आणि १४ दोन्ही पास झाल्या. जलद जोडीत १६ वर त्याच्या दहाही गोळ्या तळहाताएवढ्या जागेत होत्या. धक्क्याची त्याची तक्रार तशीच होती, ती कुठल्याच स्प्रिंगेनं गेली नाही. मग मी त्याला माझ्याकडची २०० ग्रेनची काडतुसं दिली, आणि त्याच्या पिस्तुलाच्या मुठीवरच्या गुळगुळीत लाकडी पट्ट्या काढून खडबडीत पट्ट्या लावल्या. तिसऱ्या मॅगझिननंतर तो म्हणाला, "आता बरं आहे, दादा." स्प्रिंग सोळाचीच होती.